पाव टक्का फिलामेंट

पार्सल आलं ते एका शनिवारी सकाळी. कॉलेजच्या गेटवर कोणीतरी गोणपाटात शिवलेलं गाठोडं देऊन गेला, नि लताबाईनं ते उचलून वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत आणून टेबलावर आदळलं.

"उजमा, तुह्या बापानं काहीतरी धाडलंय. जड हाय. खायाचं असलं तर आधी मला दाव."

उजमानं शिवण उसवली. आतून निघाला धाग्याचा कोन, शंकूसारखं रीळ. दोन किलोचा, पांढराशुभ्र, पॉलिस्टरचा. वर एक चिठ्ठी उर्दूत. उजमानं ती वाचली नि कपाळाला हात लावून स्टुलावर बसली.

"काय लिव्हलंय?"

"लिहिलंय, बेटी, फिलामेंट कमी पडू राह्यलं म्हणालीस. हा चांगला माल हाय, बघून घेतला. एवढ्यात नाय भागलं तर अजून धाडतो. सरांना सांग, संकोच करू नका."

लताबाईला काही कळलं नाय, पण शेजारच्या टेबलावरचा आयुष हसून हसून पार वाकडा झाला. त्यानं एक कागद घेतला, त्यावर मोठ्या अक्षरात 'शंभर टक्के शुद्ध प्रोटीन' असं लिहिलं, कोनाला चिकटवलं, नि कोन उचलून फ्रीजवर ठेवून दिला. येणारा-जाणारा वाचायचा नि हसायचा. उजमा पण हसली, पण तिचं हसू वरवरचं होतं. खरं सांगायचं तर तिच्याकडचं फिलामेंट खरंच संपत आलं होतं.

मालेगावात फिलामेंट या शब्दाचा एकच अर्थ. यंत्रमागावर चढतो तो पॉलिस्टरचा धागा. उजमाचे अब्बा महेबूबभाई पस्तीस वर्षं त्याच धाग्यात हाताची बोटं घालून बसलेले. त्यांचं काम तार जोडायचं. मागावरचा एक बीम संपला, म्हणजे ते ताण्याचं, उभ्या तारांचं, मोठं रीळ रिकामं झालं, की नवा बीम चढवतात. त्या नव्या बीमचे दोन-तीन हजार तार जुन्या तारांच्या टोकांना एकेक करून जोडायचे. बोटाला राख लावायची, दोन टोकं धरायची, पीळ द्यायचा, झालं. बघणाऱ्याला वाटतं माणूस नुसता बोटं चोळतोय.

उजमाचं फिलामेंट वेगळं. ते दुधातलं. पनीर काढल्यावर जे निवळ पाणी उरतं, त्यात एक प्रोटीन असतं. ते आंबट पाण्यात घालून उकळीच्या जरा खाली पाच-सहा तास धरायचं. प्रोटीनच्या गुंडाळ्या उलगडतात, एकाला एक लागतात नि त्यांचे लांब तंतू होतात. एका केसाच्या जाडीत दहा हजार शेजारीशेजारी बसतील इतके बारीक. आठवडाभर राबावं तेव्हा हाताच्या करंगळीएवढी एक कुपी भरते. आदल्या आठवड्यात शुक्रवारी फोनवर ती अब्बांना एवढंच म्हणाली होती, "अब्बा, फिलामेंट कम पड़ रहा है." पुढचं सांगेपर्यंत तिकडं शेजारच्या घरातल्या भांडणाचा आवाज आला, नि बोलणं त्याच्यावरच वळलं.

दहावीपर्यंत उजमा मालेगावात उर्दू शाळेत शिकली. नाशिकला आली तेव्हा तिला मराठी येत होतं ते बाजारापुरतं. पुढचं तिनं उचललं ते लताबाईकडून. लताबाई मखमलाबादची, घरी झेंडू नि काकडी. पहाटे फुलं पंचवटीच्या बाजारात पोचवून दहाला प्रयोगशाळेचं कुलूप उघडणारी. तिची भाषा ती उजमाची भाषा झाली. मोठ्या परिषदेत उभी राहिली तरी उजमा "हे तंतू एका अंगाला लोळू राह्यले" असंच म्हणायची. लोक हसायचे. तिनं ते बदललं नाय. म्हणायची, तंतू खरंच लोळतात, मी दुसरं काय म्हणू?

आता तिचं काम काय ते सांगतो. जेल म्हणजे पाण्याचं घट्ट रूप. समुद्रातल्या शेवाळापासून काढलेली भुकटी पाण्यात कालवली की खळीसारखं दाट होतं, नि त्यात कॅल्शियमचं पाणी पडलं की थिजतं. शंभर भागांत अठ्ठ्याण्णव भाग निव्वळ पाणी. पण थिजतं ते कसंही थिजतं. आत सगळा गुंता. माणसाच्या अंगातली नस बघा, कंडरा बघा, तिथं सगळे धागे एका दिशेला लावलेले असतात, म्हणून ती ओढ सोसते. जेल ओढलं तर कुठूनही फाटतं. त्या जेलात प्रोटीनचे तंतू घालायचे नि सगळे एका दिशेला निजवायचे, एवढंच उजमाचं काम. पण तिची अट होती. तंतू घालायचे ते पाव टक्का. शंभर भागांत पाव भाग. जास्त नाय.

तिचे मार्गदर्शक गोरक्ष बोडके सर. माणूस भला, पण घाईला आलेला.

"दोन टक्के टाक," ते म्हणायचे. "गर्दी झाली की तंतू आपोआप एका अंगाला होतात. पुस्तकात लिहिलंय."

"सर, दोन टक्क्यानं पट्टी दुधासारखी पांढरी होती नि वाकवली की मोडती. करून बघितलं मी. दोनदा."

"मोडू दे. दाखवायला तर होईल!"

"दाखवायला नकोय मला. वापरायला पायजे. नि एवढे तंतू आणायचे कुठून? एका पट्टीला आठ कुप्या लागतील. कोण बनवणार?"

"उजमा, मे अखेरला तुझी सहा वर्षं भरतात. एकदा मुदत वाढवून घेतलीय, परत मिळणार नाही. अंतिम आढाव्यात पट्टी दाखवली तर प्रबंध लिहायची परवानगी. नाही दाखवली तर नोंदणी रद्द. मग कसले पाव नि कसले दोन?"

"पाव," उजमा म्हणाली.

बोडके सरांनी चष्मा काढून पुसला नि खोलीत निघून गेले. लताबाई कोपऱ्यात काचा विसळत होती. ती तिथूनच म्हणाली, "तुह्या मानेत हाड येकच हाय का गं? वळतच नाय ती."

हा हट्ट उगाच नव्हता. उजमा लहानपणापासून कापड बघत आलेली. एकाच मागावर, तेवढ्याच तारांत, एक तागा चांगला निघतो नि एक भिकार निघतो. तार तेवढेच असतात. फरक पडतो तो ताण्यात. ताणा सारखा असला, सगळे तार सरळ नि एका ओढीत असले, तर विरळ कापडसुद्धा टिकतं. म्हणून पाव टक्का पुरेल, असं तिचं गणित. पुरायला पायजे. पण पुरत नव्हतं.

अडचण कुठं होती ते तिला ठाऊक होतं. पट्टी आधी अर्धवट थिजवायची, मऊसूत. मंग दोन्ही टोकांना चिमट्यात धरून हळूहळू दुप्पट लांब ओढायची. ओढली की आतले तंतू वळतात नि ओढीच्या दिशेला होतात. हे दिसतं सुद्धा. खाली दिव्याची पेटी, त्यावर एक काळी काच, वर दुसरी काळी काच आडवी धरायची. नुसत्या दोन काचांतून अंधार दिसतो. मधे गुंत्याचं जेल ठेवलं तरी अंधारच. पण तंतू एका दिशेला असले तर मधली पट्टी पांढरी उजळते. लताबाई त्या काचांना काळे चष्मे म्हणायची.

उजमाची पट्टी ओढली की उजळायची. सोडली की दोन मिनिटांत काळी. तंतू परत आपल्या मनानं लोळायचे. म्हणजे ओढलेली असतानाच ती कॅल्शियमच्या दाट पाण्यात बुडवून पक्की थिजवायला पायजे, ताण न सोडता. नि तिथंच घोडं अडत होतं. जेल ओलं नि निसरडं. पाण्यात जाऊन घट्ट होताना ते आकसायचं, नि चिमट्यातून सटकायचं. चिमटा आवळला तर तिथंच तुटायचं. तिनं चिमट्याला वाळूचा कागद लावून बघितला, रबर लावलं, कापड लावलं, गोंदानं चिकटवलं. वहीत सत्तेचाळीस पट्ट्या लिहिलेल्या, नि बहुतेकींपुढं एकच शब्द. सटकली. काही ठिकाणी तुटली.

मार्च संपला. तंतूंच्या चारच कुप्या उरल्या होत्या, नि ज्या डब्यातल्या प्रोटीनच्या भुकटीपासून ते बनवायचे तो डबा रिकामा झालेला. नवा मागवला तर येणार जूनमध्ये.

इकडं महेबूबभाई दर शुक्रवारी फोनवर विचारायचे. "कितना लगा मेरा फिलामेंट?" उजमाला खरं सांगवेना. म्हणायची, "लगा थोड़ा." दुसऱ्या शुक्रवारी, "अब चल रहा है." तिसऱ्या शुक्रवारी ते काही बोललेच नायत. चौथ्या शुक्रवारी, मालेगावातले माग बंद असल्याच्या दिवशी, ते सकाळच्या एसटीत बसले नि दुपारच्याला प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. हातात डबा. पांढरी टोपी, इस्त्रीचा शर्ट, नि बोटांवर मुरलेली ती राखेची करडी झाक.

 आत पाऊल टाकल्या टाकल्या त्यांची नजर गेली ती थेट फ्रीजवर.

"ये क्या है?"

कोन जसा आला होता तसाच. वरची प्लास्टिकची पन्नी पण काढली नव्हती. वर आयुषचा कागद.

"काय लिहिलंय त्यावर?" त्यांनी लताबाईला मराठीत विचारलं. त्यांना देवनागरी वाचता येत नव्हती.

लताबाई खोटं बोलणाऱ्यातली नाय. "त्यावर लिव्हलंय शुद्ध प्रोटीन. पोरांनी चेष्टा केलीय, दादा. तिचं फिलामेंट येगळंय. दुधाचं."

"दूध का फिलामेंट?" महेबूबभाई उजमाकडं बघत राहिले. "नि चार हफ्ते तू मला सांगू राह्यली, लागला थोडा, चालू राह्यला?"

"अब्बा, तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"आता काय बरं वाटलं?" त्यांनी डबा टेबलावर ठेवला. "मी मागवाल्या सेठला सांगून आलो, माझ्या पोरीच्या साइन्समध्ये आपला माल चालतो. पूरी गली को मालूम है."

लताबाईला हसू आवरेना, तिनं तोंडाला पदर लावला. महेबूबभाई स्टूल ओढून बसले. जायचं नाव काढीनात. "दाखव," म्हणाले. "काय असतं ते दुधाचं फिलामेंट, दाखव."

मंग उजमानं दाखवलं. अठ्ठेचाळिसावी पट्टी साच्यातून काढली, चिमट्यात धरली, काळ्या काचांमधे ओढली. पट्टी उजळली. महेबूबभाई पुढं वाकले. "हां," म्हणाले. "ताणा लग गया." त्यांना एका शब्दात कळलं. उजमाला सरांना ते समजावायला दोन वर्षं लागली होती.

मंग तिनं पट्टी चिमट्यासकट पाण्यात सोडली. पाच मिनिटं झाली. टप् करून टोक सटकलं, नि पट्टी पाण्यात आखडून गोळा झाली.

"झालं?"

"झालं. रोज हेच होतं."

 महेबूबभाईंनी तो चिमटा उचलला, उलटापालटा केला नि टेबलावर टाकून दिला, जसं एखादं चुकीचं हत्यार कारागीर टाकतो.

"चिमटा?" ते म्हणाले. "उजमा, तू कोणाच्या घरात वाढली? नया बीम चढाते हैं तो क्या चिमटे से पकड़ के खींचते हैं? तीन हजार तार. कोणता चिमटा धरील? तार को तार पकड़ता है. जुन्याच्या टोकाला नवा जोडतो, मग जुना ओढतो, नवा आपसे आप येतो. तू लोखंडानं काय धरू राह्यली?"

 उजमानं फ्रीजवरून कोन उतरवला नि पन्नी फाडली.

पुढचे तीन आठवडे तिनं दुसरं काही केलं नाय. युक्ती सोपी वाटती. साच्यात जेल ओतायच्या आधीच दोन्ही टोकांना धाग्याची टोकं आत ठेवायची. जेल त्यांच्याभोवती थिजेल. मंग जेलाला हात लावायचाच नाय, धागा धरूनच ओढायचं. पण पहिल्या दिवशी धागा जेलातून असा अलगद निघून आला, जसा लोण्यातून केस. दुसऱ्या दिवशी तेच. गाठी मारल्या, तर गाठीनं जेल फाडलं. एकोणपन्नास ते पंचावन्न, सगळ्यांपुढं वहीत आता नवीन शब्द आला. निसटली. या पट्ट्यांत तिनं प्रोटीनचे तंतू घातलेच नव्हते. कुप्या आता तीनच होत्या, त्या ती हात बसल्याशिवाय उघडणार नव्हती.

धागा हातात घेऊन ती चोळत बसली असताना लताबाई आली.

"तेल हाय त्याला," लताबाई म्हणाली.

"काय?"

"बोटं बघ तुही. चकाकू राह्यली. आमच्याकडं झेंडूच्या माळंला नवीन दोरा आणला की पहिल्या दिवशी फुलं घसरत्यात. धुवून घेतो आम्ही. सोड्यानं."

उजमानं अब्बांना फोन लावला. शुक्रवार नव्हता, मागांच्या खडखडाटात त्यांना अर्धं ऐकू आलं. "तेल? हां, तो! कंपनीवाले लगाते हैं, मशीनमध्ये घासू नये म्हणून. तुला माहीत नव्हतं?" मागून कोणीतरी ओरडलं नि फोन बंद झाला.

लताबाईनं धुण्याचा सोडा घालून धागा दोनदा उकळला, साध्या पाण्यातून काढला नि काचा वाळवायच्या स्टँडवर वाळत घातला. उजमानं प्रत्येक धाग्याचं टोक सुईनं विंचरलं. एका धाग्यात चाळीसेक बारीक केस असतात, ते सुटे करून त्यांचा कुंचा केला, म्हणजे जेल त्यांच्या मधे शिरेल नि ओढ एकावर न येता सगळ्यांवर वाटली जाईल. एका टोकाला असे बारा कुंचे. दुसऱ्या टोकाला बारा. मंग लाकडी चौकट केली, जिच्यात पट्टी ओढलेल्या अवस्थेतच बांधून, चौकटीसकट पाण्यात बुडवता येईल.

एकसष्टावी पट्टी सटकली नाय. तुटली पण नाय. पाण्यात तासभर ताठ उभी राहिली. उजमानं लताबाईला हाक मारली नि दोघी त्या पट्टीकडं बघत उभ्या राहिल्या.

"आमच्या काकडीचा वेल सुतळीला टांगतो तशी दिसती," लताबाई म्हणाली. "पण वेल सोडला तर खाली येतो. ही येईल का?"

तोच तर प्रश्न होता. उजमानं पहिली कुपी उघडली. सहासष्टावी पट्टी, पाव टक्का तंतू घालून, ओढून, बुडवून, तासभरानं धागे कापले. काळ्या काचांत उजळ राहिली. उजमा मोबाइल घेऊन सरांना बोलवायला धावली. सर आले, बघितलं, चष्मा पुसला, परत बघितलं. "परत कर," म्हणाले.

सदुसष्टावी पट्टी. दुसरी कुपी. सगळं तसंच. धागे कापले, पट्टी उजळ. दहा मिनिटांनी करडी. अर्ध्या तासानं काळी.

उजमा दोन दिवस नुसती वही चाळत बसली. लताबाईनं चहा ठेवला, तो गार झाला. तिसऱ्या दिवशी तिनं शोधून काढलं. सदुसष्टावीला तिनं कॅल्शियमचं पाणी तेच वापरलं होतं, सहासष्टावीचं. त्यातलं कॅल्शियम आधीच्या पट्टीनं पिऊन टाकलं होतं. वरून थिजली, आत कच्ची. बहुतेक. पक्कं सांगायला आणखी चार पट्ट्या करायला हव्या होत्या, नि हातात उरली होती एकच कुपी, नि आढावा होता पाच दिवसांवर.

"सर, अडुसष्टावी आढाव्याच्या दिवशी सकाळी करते," ती म्हणाली. "चौकटीत ठेवते. धागे त्यांच्या समोर कापते."

"वेडी झालीस का? सहासष्टावी आहे ना, ती दाखव."

"ती एकच चमकली. एक काळी पडली. ते विचारतील, दहातल्या किती? मी काय सांगू? दोनातली एक?"

"आणि समोर काळी पडली तर?"

"तर पडली."

बोडके सर दारापर्यंत जाऊन वळले. "पाणी तरी ताजं घे," म्हणाले नि गेले.

आढाव्याच्या दिवशी तीन माणसं आली. त्यातल्या परीक्षक बाई पुण्याच्या, पांढऱ्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. उजमानं टेबलावर तीन चौकटी मांडल्या. पहिलीत नुसतं जेल, तंतू न घालता ओढलेलं. दुसरीत मागंच करून ठेवलेलं, तंतू घातलेलं पण न ओढलेलं. तिसरीत अडुसष्टावी. काळ्या काचांत पहिली अंधूक, दुसरी काळी, तिसरी लख्ख.

परीक्षक बाईंनी वाकून बघितलं. मंग त्या सरळ झाल्या नि बोट धाग्यावर ठेवलं.

"हे काय आहे?"

"पॉलिस्टर."

"म्हणजे हा पट्टीला धरून बसलाय. आत्ता जे चमकतंय ते ताणामुळे. रबर ओढलं तरी काचेत चमकतं. ताण काढल्यावर काय उरतं, ते मला बघायचंय."

"मला पण," उजमा म्हणाली. तिनं कात्री उचलली.

एका टोकाचे बारा धागे. कट्. कट्. प्रत्येक कापताना पट्टी कणभर हलायची. दुसऱ्या टोकाचे बारा. शेवटचा कापला तेव्हा पट्टी मागं आखडली, थोडीशी. मंग थांबली. उजमानं ती चिमटीत उचलून दिव्याच्या पेटीवर ठेवली.

"किती वेळ थांबू?" बाईंनी विचारलं.

"गेल्या वेळी अर्ध्या तासात काळी पडली होती," उजमा म्हणाली. "म्हणून अर्धा तास थांबा."

बोडके सरांनी डोळे मिटले. गेल्या वेळचं तिनं सांगायची काही गरज नव्हती.

लताबाई चहा घेऊन आली. सगळे कप धरून बसले, पण चहाकडं कोणाचं लक्ष नव्हतं. दहा मिनिटं झाली. परीक्षक बाईंनी वही मागितली नि चाळत बसल्या. सटकली, सटकली, तुटली, निसटली. पान उलटत राहिल्या.

"दोन टक्के का नाही घातले? सोपं गेलं असतं."

"मोडतं, मॅडम. नि तार जास्त घातले म्हणून कापड चांगलं होत नाय. आमच्याकडं बघते ना मी. ताणा सरळ पायजे. थोडे असू द्या, पण सगळे एका ओढीत पायजेत, नि खळ वाळेपर्यंत ती ओढ सुटायला नको. हे तंतू पण तसेच. सोडले की लोळू राह्यतात."

"लोळू राह्यतात," बाईंनी तो शब्द परत म्हणून बघितला. हसल्या नायत.

वीस मिनिटं. लताबाई कप गोळा करायच्या निमित्तानं पेटीपाशी गेली नि काचेत डोकावली. "हाय अजून," ती पुटपुटली. कोणी तिला गप्प बस म्हणालं नाय.

अर्धा तास झाला. बाई उठल्या. पट्टी लख्ख होती. त्यांनी चिमटीनं ती जराशी फिरवली, काळी पडली. आणखी तेवढीच फिरवली, परत उजळली. पुन्हा काळी, पुन्हा उजळ. तंतू खरंच एका दिशेला असले तरच असं होतं. नुसता मळ किंवा बुडबुडा असा वागत नाय. मंग त्यांनी पट्टीची लांबी मोजली, ती साध्या पाण्यात सोडली, नि एक तासानं परत मोजली. रुंदीला फुगली होती, जाडीला फुगली होती. लांबीला जिथल्या तिथं, तंतूंनी धरून ठेवलेली.

"लिहायला घ्या," बाई बोडके सरांना म्हणाल्या. "पण सहासष्ट नि सदुसष्टचा फरक पक्का झाल्याशिवाय प्रबंध देऊ नका. डबा जूनमध्ये येतोय ना? मग जुलैत दहा पट्ट्या करा. ताज्या पाण्यात पाच, वापरलेल्या पाण्यात पाच."

"बारा करते," उजमा म्हणाली.

जिना उतरताना लताबाईनं तिच्या पाठीत एक बुक्की हाणली. "गेल्या वेळी काळी पडली म्हणं! काय गरज व्हती सांगायची?"

जुलैत बारा पट्ट्या झाल्या. ताज्या पाण्यातल्या सहा उजळ राहिल्या. वापरलेल्या पाण्यातल्या पाच काळ्या पडल्या नि एक अर्धवट राहिली, ती का राहिली हे अजून कोणाला कळलेलं नाय. उजमानं तेही लिहिलं.

प्रबंधात एक पान असतं, काय काय साहित्य वापरलं नि ते कुठून आणलं त्याचं. त्यात दुधाच्या प्रोटीनचे तंतू होते, शेवाळाची भुकटी होती, कॅल्शियमचं मीठ होतं. नि शेवटी एक ओळ होती: पॉलिस्टर फिलामेंट धागा, मालेगाव, श्री. महेबूब अन्सारी यांच्याकडून. बोडके सरांनी त्यावर लाल पेननं प्रश्नचिन्ह काढलं होतं. मंग स्वतःच ते खोडलं.

छापील प्रत घेऊन उजमा एका शुक्रवारी मालेगावला गेली. माग बंद होते, गल्ली शांत होती. तिनं ते पान उघडून अब्बांसमोर धरलं नि बोटानं ओळ दाखवली.

"इथं काय?"

"तुमचं नाव. नि तुमचा माल."

"नि वरती?"

"वरती माझं फिलामेंट. दुधाचं."

महेबूबभाईंनी दोन्ही ओळींवरून अंगठा फिरवला. मंग पुस्तक मिटून तिच्या हातात दिलं.

"तो मैं गलत नहीं था ना," ते म्हणाले. "फिलामेंटच कमी पडत होतं."